बूट होताना ओसीएफएस-टू माउंट होत नाही, हाताने मात्र लगेच होते

दादरकर | रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. दादरच्या एका ग्रंथालयात जुन्या मराठी मासिकांची पाने स्कॅन करून जतन करण्याचे काम चालते आणि तिथले सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. तीन मशीन आहेत, तिन्हींवर ओरॅकल लिनक्स ८ आहे. आयस्कझीवरून (नेटवर्कवरून डिस्क पुरवण्याची पद्धत) येणारी एकच सामायिक डिस्क तिघांनाही एकाच वेळी वाचता-लिहिता यावी म्हणून तिच्यावर ओसीएफएस-टू ही क्लस्टर फाइलसिस्टिम घातलेली आहे.

आज इमारतीत विजेच्या वायरिंगचे काम होते, म्हणून तिन्ही मशीन रीतसर बंद करून संध्याकाळी पुन्हा सुरू केली. त्यांपैकी दोन मशीनवर 'संग्रह' हे फोल्डर माउंट झाले नाही, म्हणजे सामायिक डिस्क त्या फोल्डरला जोडली गेली नाही. लॉगिन करून हाताने माउंटची आज्ञा दिली की मात्र क्षणात होते. गेल्या दोन महिन्यांत असे तिसऱ्यांदा घडले आहे आणि त्याआधी कधीच घडले नव्हते. एफएसटॅबमधली (काय कुठे माउंट करायचे त्या यादीच्या फाइलमधली) ओळ बरोबर आहे, कारण हाताने माउंट करतानाही तीच वाचली जाते. ओटूसीबी ही क्लस्टर सेवा बूटच्या वेळी सुरू होण्यासाठी लावलेली आहे.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. मागच्या वेळी हा प्रकार माझ्या लक्षात यायला अडीच दिवस लागले. स्कॅनिंगच्या टेबलावरून पाने सांबामार्फत (नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारी सेवा) या फोल्डरमध्ये येतात, रोज सकाळी नवे उपफोल्डर तयार होते, त्यामुळे आत बाकी काहीच नाही हे कुणाला दिसले नाही. मी हाताने माउंट केले आणि त्या अडीच दिवसांची २१४ पाने दिसेनाशी झाली. ती ज्या खंडाची होती तो खंड मालकांना परत गेला आहे आणि पुन्हा मागण्याची सोय नाही.

---

गिरगाव चौपाटी | रविवार, रात्री ११.२०

दादरकर, आधी पानांचे बघू, बाकीचे नंतर. पाने गेलेली नाहीत. माउंट झालेले नव्हते तेव्हा 'संग्रह' हे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरचे एक साधे रिकामे फोल्डर होते आणि पाने तिथेच लिहिली गेली. नंतर आपण त्याच्यावर सामायिक डिस्क माउंट केली, म्हणजे भरलेल्या पेटीवर दुसरी पेटी ठेवल्यासारखे झाले. खालची पेटी जागेवरच आहे.

काही बंद करण्याची गरज नाही. सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरची मूळ (रूट) फाइलसिस्टिम बाइंड पर्याय देऊन दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर माउंट करा. साध्या बाइंडबरोबर वर चढवलेले इतर माउंट येत नाहीत, त्यामुळे त्या वाटेने 'संग्रह'मध्ये गेल्यावर खालची खरी फाइल दिसेल. आधी पाने कॉपी करा, मोजा, उघडून पाहा, आणि मगच मूळ प्रती काढा.

---

दादरकर | रविवार, रात्री ११.५८

घरूनच दूरस्थ लॉगिन करून पाहिले. अडीच दिवसांची तीन उपफोल्डर आहेत आणि त्यांत मिळून २१४ फाइली आहेत. गिरगावकर, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. आज झोप लागेल.

---

मुलुंड चेकनाका | सोमवार, सकाळी ८.०५

पाने मिळाली हे वाचून फार बरे वाटले. आता मूळ प्रश्नाकडे. एफएसटॅबच्या ओळीत 'नेटडेव्ह' हा पर्याय नसेल, असे मला वाटते. तो नसला की नेटवर्क येण्याआधीच माउंटचा प्रयत्न होतो. आमच्याकडे आयस्कझीवरच्या एक्सएफएसचे (साधी, क्लस्टरची नसलेली फाइलसिस्टिम) हेच झाले होते आणि मशीन थेट आपत्कालीन शेलमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसले होते.

---

ऐरोली रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८.४०

मुलुंडकर, आपल्या एक्सएफएसच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे, पण इथे तसे नसावे. एफएसटॅब वाचून माउंटची युनिट (काय कसे सुरू करायचे ते सांगणारी फाइल) तयार करणारा सिस्टम-डीचा (बूटच्या वेळी सेवा सुरू करणारी व्यवस्था) भाग फाइलसिस्टिमचा प्रकार पाहतो. एनएफएस, सेफ, ग्लस्टर, जीएफएस-टू, ओसीएफएस-टू अशी ठरावीक नावे त्याला ठाऊक आहेत आणि ती आढळली की 'नेटडेव्ह' लिहिलेले असो वा नसो, तो त्यांना दूरस्थ माउंटच्या गटात टाकतो आणि नेटवर्क 'ऑनलाइन' झाल्यानंतरच हात घालतो. एक्सएफएस किंवा ईएक्सटी-फोर यांच्या नावावरून मात्र त्याला डिस्क कुठून येते ते कळत नाही, म्हणून तिथे तो पर्याय आपणच लिहावा लागतो. लिहिलेला असणे केव्हाही चांगले, पण तो नसणे हे या दुखण्याचे मूळ वाटत नाही.

शिवाय दादरकरांचे मशीन आपत्कालीन शेलमध्ये गेलेले नाही, ते नीट वर आले आणि फक्त एक माउंट नापास झाले. दूरस्थ गटातले माउंट पडले तर बूट अडत नाही, ही चांगली सोय आहे, आणि त्यांच्याकडे अडीच दिवस कुणाला पत्ता लागला नाही तोही तिच्यामुळेच.

---

माहीम कॉजवे | सोमवार, दुपारी १.१५

इतका काथ्याकूट कशाला? आरसी-लोकलमध्ये (बूटच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट) ६० सेकंद थांबण्याची आज्ञा लिहावी आणि तिच्याखाली माउंटची. आमच्या प्रेसमध्ये चार वर्षे असेच चालू आहे आणि एकदाही अडले नाही.

---

गिरगाव चौपाटी | सोमवार, दुपारी २.३०

माहीमकर, आपल्याकडे ते चालले याबद्दल शंका नाही, पण दादरकरांच्या जागी मी ते करणार नाही. त्या ६० सेकंदांत सांबा सुरू झालेला असतो आणि कुणीतरी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहू शकते. म्हणजे २१४ पानांची गोष्ट पुन्हा घडायला एक मिनिट मोकळे राहिले. आणि उद्या नेटवर्कला ६५ सेकंद लागले तर आपण जिथे होतो तिथेच परत येऊ.

माउंट का पडते ते सापडेल तेव्हा सापडेल. त्याआधी आजच दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे सांबाच्या युनिटमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ 'संग्रह'च्या मार्गासह घालावी, म्हणजे माउंट झाले नाही तर सांबा सुरूच होणार नाही आणि स्कॅनिंगच्या टेबलावर सकाळी नऊ वाजताच बोंब होईल. दुसरी म्हणजे सामायिक डिस्क उतरवून, खालचे फोल्डर रिकामे असल्याची खात्री करून, त्याला सीएच-अ‍ॅट्रने अपरिवर्तनीय करून ठेवावे. मग त्यात रूटलाही नवी फाइल करता येत नाही, वर माउंट मात्र निर्वेध होते.

---

विक्रोळी पूर्व | सोमवार, रात्री ९.१०

विषयाला धरूनच एक अनुभव सांगतो, जरी आमच्याकडे जीएफएस-टू ही दुसरी क्लस्टर फाइलसिस्टिम आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या कचेरीतला यूपीएस तासाभरात संपला आणि दोन नोडचे (म्हणजे दोन मशीनचे) क्लस्टर पूर्ण बंद पडले. दुपारी लाइट आल्यावर एक मशीन उठले, दुसऱ्याचा पॉवर सप्लाय जळलेला होता. उठलेल्या मशीनवर सगळे ठीक दिसत होते, पण माउंट काही होईना आणि कुठे ठळक चूकही दिसेना.

ती चूक नव्हतीच. कोरोसिंकमध्ये (क्लस्टरमधल्या नोडची हजेरी ठेवणारी सेवा) दोन नोडचा पर्याय लावला की 'सर्वांची वाट पाहा' हा नियम आपोआप लागू होतो. संपूर्ण बंदनंतर प्रत्येक नोड एकदा तरी दिसल्याशिवाय कोरम (काम सुरू करण्याइतकी उपस्थिती) मिळत नाही. कोरम नाही म्हणून डीएलएम (नोडना फाइलींची कुलपे वाटणारा भाग) कुलपे देत नाही आणि कुलपे नाहीत म्हणून जीएफएस-टू माउंट होत नाही. त्या मशीनला हे कळायला मार्गच नसतो की दुसरे मशीन मेले आहे की फक्त मधली केबल तुटली आहे. केबल तुटली असती आणि दोघांनी एकाच डिस्कवर लिहायला घेतले असते तर सगळा डेटा मातीत गेला असता. आम्ही दुसऱ्या मशीनची वायर भिंतीतून उपसून हातात धरली आणि मगच पीसीएस या क्लस्टर सांभाळण्याच्या साधनाची कोरम मोकळा करणारी आज्ञा दिली.

आणखी एक. पेसमेकर (क्लस्टरमधल्या सेवा चालवणारे साधन) वापरत असाल तर जीएफएस-टूची ओळ एफएसटॅबमध्ये ठेवूच नका. ती पेसमेकरची रिसोर्स करा आणि क्लोन लावा, म्हणजे डीएलएम, सामायिक एलव्हीएम आणि माउंट हा क्रम एकाच ठिकाणी राहतो.

---

मुलुंड चेकनाका | सोमवार, रात्री १०.००

ग्लस्टरमध्ये (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारी फाइलसिस्टिम) दुसरीच गंमत होते. सर्व्हर स्वतःचाच व्हॉल्यूम स्वतःवर माउंट करत असेल तर ग्लस्टर-डी ही तिची सेवा सुरू होण्याआधी माउंट धावते. 'एक्स-सिस्टम-डी रिक्वायर्स' लिहून ग्लस्टर-डीला आधी ठेवले तरी आमच्याकडे कधीकधी पडायचे, कारण ती सेवा उठली म्हणजे तिच्या ब्रिक (व्हॉल्यूमचे प्रत्यक्ष डिस्कवरचे भाग) उठल्या असे नाही. शेवटी ऑटोमाउंटचा पर्याय लावला. पहिल्यांदा कुणी फोल्डर उघडेल तेव्हाच माउंट होते आणि तोपर्यंत सगळे जागेवर आलेले असते.

---

ऐरोली रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.३५

मुलुंडकरांनी फार नेमके सांगितले. सेवा सुरू होणे आणि सेवा कामाला येणे यांत जे अंतर असते, त्यातच ही सगळी दुखणी राहतात. नेटवर्क 'ऑनलाइन' झाले असे मशीन म्हणते तेव्हा त्याला फक्त इतकेच म्हणायचे असते की कार्डावर लिंक आहे आणि पत्ता मिळाला आहे. पलीकडच्या मशीनपर्यंत पाकीट पोहोचते का, ते कुणी तपासलेले नसते.

दादरकर, आता चार प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे द्यावीत. तिन्हींपैकी जे मशीन सर्वांत आधी उठते ते दरवेळी माउंट होते का? पडलेल्या मशीनवर जर्नलसीटीएलने त्या बूटचा कर्नल लॉग काढला तर 'ओटूनेट'च्या (नोडमधला संवाद सांभाळणारा भाग) ओळी काय म्हणतात? आयस्कझीची केबल आणि नोडनी एकमेकांशी बोलायची केबल एकाच स्विचला आहेत की वेगळ्या? आणि दोन महिन्यांपूर्वी नेमके काय बदलले? सर्व्हरवर काही बदलले नसेल तरी खोलीत काय बदलले ते आठवून पाहा.

---

दादरकर | मंगळवार, सायंकाळी ७.२५

ऐरोलीताई, तुमचे प्रश्न कागदावर लिहून घेऊन आज सर्व्हर रूममध्ये बसलो.

पहिल्याचे उत्तर होय असे आहे. तिन्ही वेळा पहिले उठलेले मशीन व्यवस्थित माउंट झाले होते. हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते, कारण मी पडलेल्या मशीनकडेच पाहत होतो.

लॉगमध्ये माउंट 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड' असे म्हणून, म्हणजे त्रुटी क्रमांक १०७ देऊन पडलेले दिसते. त्याच्या लगेच वर ओटूनेटची ओळ आहे, तिचा मथितार्थ असा की नोड ० शी १०.० सेकंदांत जोडणी झाली नाही, नेटवर्क आणि क्लस्टरची मांडणी तपासा.

आयस्कझीसाठी वेगळे कार्ड आणि वेगळा छोटा स्विच आहे. नोडमधला संवाद कचेरीच्या मुख्य स्विचवरून जातो. आणि तो मुख्य स्विच पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे बरोबर दोन महिन्यांपूर्वी, बदलला. जुना साधा होता, नवा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) आहे. तो बदल माझा नव्हता, त्यामुळे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचे सुचलेच नाही.

---

ऐरोली रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११.१०

मग बहुतेक सापडले. ओसीएफएस-टूची माउंट होण्याची रीत अशी आहे की नोड आधी सामायिक डिस्कवर आपली हजेरी लावतो आणि तिथेच इतर कोण हजर आहेत ते पाहतो. जे हजर दिसतात त्या प्रत्येकाशी त्याला नेटवर्कवरून, साधारणपणे ७७७७ या पोर्टवर, जोडणी करावी लागते, कारण कुलपांची देवाणघेवाण तिथून होते. पहिल्या मशीनला डिस्कवर दुसरे कुणी दिसतच नाही, म्हणून त्याला जोडणीची गरज नसते आणि ते पास होते. दुसऱ्याला पहिले दिसते, जोडणी होत नाही, आणि ते पडते. आपली डिस्क वेगळ्या स्विचवरून वेळेवर येते, त्यामुळे माउंटला वाटते की सगळे तयार आहे.

जोडणी का होत नाही? नव्या स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू असणार. दोन स्विचमध्ये चुकून वळसा तयार झाला तर पाकिटे गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेली ती पद्धत आहे. तिच्या मूळ स्वरूपात पोर्टवर लिंक आली की तो लगेच पाकिटे सोडत नाही, १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग उघडतो. ते ३० सेकंद सर्व्हरच्या दृष्टीने लिंक आहे, पत्ता आहे, म्हणून नेटवर्क ऑनलाइन आहे. प्रत्यक्षात काहीही पलीकडे जात नाही.

दुसरी गोष्ट त्या १०.० सेकंदांची. ओटूसीबीचा नेटवर्क आयडल टाइमआउट मुळात ३०,००० मिलिसेकंद असतो. आपल्याकडे तो कुणीतरी १०,००० केलेला दिसतो. १० सेकंदांत हार मानणारा नोड आणि ३० सेकंद बंद राहणारा पोर्ट एकत्र आले, तर दुसरे मशीन पडणारच.

---

माहीम कॉजवे | बुधवार, सकाळी ९.३०

आता माझे ६० सेकंद का चालत होते तेही कळले. आमच्याकडेही मॅनेज्ड स्विच आहे. मी परवा जरा घाईत लिहिले होते. गिरगावकरांचा रिकाम्या फोल्डरचा मुद्दा मी आमच्या प्रेसमध्ये तपासला, खाली जुनी ११ पीडीएफ सापडली.

---

दादरकर | बुधवार, रात्री ८.४५

आज नोड २ रीस्टार्ट केला आणि स्विचसमोर उभा राहिलो. त्याच्या पोर्टचा दिवा आधी विझला, मग नारिंगी झाला आणि नारिंगीच राहिला. कन्सोलवर नोड ० ला पिंग लावून ठेवले होते. मोबाइलच्या घड्याळावर दिवा नारिंगी झाल्यापासून एकतिसाव्या सेकंदाला तो हिरवा झाला आणि त्याच क्षणी पिंगची पहिली उत्तरे आली. लॉग पाहिला तेव्हा माउंट त्याच्या बऱ्याच आधी पडलेले होते.

पण एक नवीन अडचण करून ठेवली आहे. उत्साहाच्या भरात नोड २ वर टाइमआउट ३०,००० केला आणि आता तो पोर्ट हिरवा झाल्यावरही, हातानेही, माउंट होत नाही.

---

विक्रोळी पूर्व | बुधवार, रात्री ९.०५

घाबरू नका. ओटूनेट जोडणी करताना दोन्ही बाजूंचे टाइमआउट ताडून पाहते आणि ते वेगळे असले तर जोडणीच नाकारते. एका नोडने दुसऱ्याला मृत समजण्याचा काळ सगळीकडे सारखाच असायला हवा, म्हणून हा कडकपणा आहे. आज नोड २ वर जुना आकडा परत घाला. रविवारी तिन्हींवर फाइलसिस्टिम उतरवून, ओटूसीबी थांबवून, तिन्ही ठिकाणी एकदमच बदल करा.

त्याच वेळी डिस्कवरच्या हजेरीचा उंबरठाही पाहून घ्या. तो मुळात ३१ असतो, म्हणजे एक वजा करून दोनने गुणले की ६० सेकंद. कुणी एक आकडा खाली आणला असेल तर दुसराही आणलेला असू शकतो.

---

गिरगाव चौपाटी | बुधवार, रात्री १०.२०

स्विचवर या तीन पोर्टना 'एज पोर्ट' करा, काही स्विचवर त्याला 'पोर्टफास्ट' म्हणतात. मग लिंक येताच पोर्ट उघडतो. मात्र ज्या पोर्टला पुढे दुसरा स्विच जोडलेला आहे त्याला चुकूनही हे लावू नका, आणि या तिन्हींवर बीपीडीयू गार्ड ठेवा, म्हणजे उद्या कुणी तिथे स्विच लावला तर पोर्ट आपोआप बंद होईल. स्पॅनिंग ट्री सरसकट बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये.

---

मुलुंड चेकनाका | गुरुवार, सकाळी ७.५०

माझे मत थोडे वेगळे आहे. स्विच दुरुस्त करावाच, पण तो दादरकरांच्या ताब्यात नाही. पुन्हा कुणी बदलेल आणि पुन्हा तेच होईल. म्हणून सर्व्हरवरही एक छोटी सेवा लिहावी, जी इतर दोन नोडपैकी एकाकडून तरी पिंगचे उत्तर येईपर्यंत थांबेल, आणि माउंटच्या ओळीत 'एक्स-सिस्टम-डी रिक्वायर्स' लिहून ती आधी ठेवावी.

---

ऐरोली रात्रपाळी | गुरुवार, रात्री १२.१५

सूचना मान्य, पण त्या वाट पाहण्याला मर्यादा हवी. तिन्ही मशीन बंद असताना पहिले उठले तर त्याला उत्तर देणारे कुणीच नसते. साधारण ४५ सेकंद थांबावे आणि उत्तर आले नाही तरी सेवेने यशस्वी म्हणून संपावे, नाहीतर वीज जाऊन आल्यानंतर एकही मशीन माउंट होणार नाही. त्याच ओळीत ओटूसीबीचीही 'रिक्वायर्स' लिहून घ्या, ती सेवा एनेबल असणे आणि माउंटच्या आधी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

दादरकर | पुढचा रविवार, सायंकाळी ६.३०

आज सकाळी अकरा वाजता सगळे बंद केले आणि दुपारी चारला काम संपले. टाइमआउट तिन्हींवर ३०,००० केला. हजेरीचा उंबरठा मुळातच ३१ होता. ओटूसीबी आधी येईल अशी ओळ घातली, ४५ सेकंद मर्यादेची पिंग सेवा लिहिली, सांबाला माउंटशी बांधले आणि तिन्ही मशीनवरची खालची 'संग्रह' फोल्डर अपरिवर्तनीय केली. स्विच सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी माझ्यासमोर तीन पोर्ट एज केले.

त्यानंतर तिन्ही मशीन एकदम बंद करून एकदम सुरू केली, मग एकेक करून, मग उलट क्रमाने. तिन्ही प्रकारांत सगळीकडे माउंट झाले. शेवटी मुद्दाम नोड १ ची नेटवर्क केबल काढून तो सुरू केला. माउंट पडले, सांबा उठला नाही आणि स्कॅनिंगच्या टेबलावरून लिहिण्याचा प्रयत्न केला तेव्हा लगेच चूक दाखवली. केबल परत लावली आहे.

स्विचवर पांढरी पट्टी चिकटवून पोर्ट ३, ४ आणि ५ च्या वर मराठीतच लिहिले आहे: 'सर्व्हरचे पोर्ट. एज ठेवणे. स्विच बदलल्यास आधी कळवणे.' खाली माझा विस्तार क्रमांक. त्या खंडाची २१४ पानेही आज दुपारी संग्रहात त्यांच्या जागी लागली.